कासव आणण्याआधी: काचेतून येणारं ऊन जमेस धरू नका

सगळ्यात आधी ट्यूब. टाकी नंतर, फिल्टर नंतर, कासव तर सगळ्यात शेवटी. यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या न दिसणाऱ्या अतिनील किरणांचा एक प्रकार, तो देणारी ट्यूब घरात आली, लागली, दोन दिवस नीट चालली, हे बघितल्याशिवाय दुकानाकडे फिरकूसुद्धा नका. हे असं दरडावून सांगते आहे, कारण सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे बाकी सगळं होतं आणि नेमकी तेवढी ट्यूब नव्हती.

बडोद्यात डांडिया बाजारात आमचं जुनं घर. पूर्वेच्या खिडकीशी काचेची पेटी ठेवली होती आणि तिच्यात रेड-इअर्ड स्लायडर या जातीच्या कासवाची दोन पिल्लं. पाच रुपयांच्या नाण्याहून जराशी मोठी, डोळ्यांमागे लाल पट्टा. दुकानदार म्हणाला होता, “बेन, आने कंई नथी जोईतुं,” म्हणजे याला काहीच लागत नाही. सकाळी आठपासून दहापर्यंत खिडकीतून ऊन यायचं. पिल्लं दगडावर चढायची, मागचे पाय लांब ताणायची, बोटं पसरायची. मी चहा घेऊन तिथेच बसायची आणि मुलाला म्हणायची, बघ कशी ऊन खातायत. साडेतीन महिन्यांनी पेटी धुताना धाकट्या पिल्लाला उचललं आणि माझ्या अंगठ्याखाली त्याची पाठ दबली. जे कवच नखासारखं टणक हवं, ते ओल्या पापडासारखं वाकलं. मी हात तसाच धरून उभी राहिले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “यूव्हीबी कुठली लावलीय?” मी म्हटलं, खिडकी आहे. अकराव्या दिवशी ते गेलं. मोठी वाचली, आजही तिच्या कवचाची कड मागच्या बाजूला वर वळलेली आहे, ती आता सरळ होणार नाही.

तर कारण समजून घ्या. कासवाच्या कातडीत डी-३ जीवनसत्त्व तयार व्हायला साधारण २९० ते ३२० नॅनोमीटरचे किरण पडावे लागतात. ते जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग शरीर ते हाडांतून आणि कवचातून ओढून घेतं. खिडकीची साधी काच नेमके हेच किरण अडवते. उजेड आत येतो, ऊब येते, कासव सुखाने पाय ताणून पडतं, आणि आतून त्याची हाडं झिजत असतात. काचेतून आलेलं ऊन हे कासवासाठी ऊन नाही. प्लास्टिकच्या झाकणातून आलेलंही नाही.

घेताना खोक्यावर यूव्हीबी असं छापलेलं आणि ५.० किंवा १०.० असा आकडा असलेलीच घ्या. नुसतं ‘यूव्ही’ लिहिलेल्या बल्बात पुष्कळदा यूव्हीए असतो, तो इथे कामाचा नाही. आणि पाण्याच्या फिल्टरमध्ये जंतू मारायला जी यूव्ही नळी असते ती कोणी ‘हीच लावा’ म्हणून हातात ठेवली तर परत करा. ती यूव्हीसी असते, कासवाचे डोळे जाळते आणि तुमचेही. शक्यतो लांब ट्यूब घ्या, वळणदार छोटा बल्ब नको. कासव जिथे चढून बसतं तिथून ती २५ ते ३० सेंटिमीटर वर हवी आणि मधे काही नको: काच नको, अ‍ॅक्रिलिक नको, बारीक जाळीसुद्धा नको. रोज दहा ते बारा तास. टायमर लावून टाका, आपल्या आठवणीवर सोडू नका.

खऱ्या उन्हाचं म्हणाल तर ते उत्तमच, पण उघड्यावर. सकाळी टबात घालून गच्चीवर वीस-पंचवीस मिनिटं न्या, टबाच्या अर्ध्या भागावर सावली ठेवा आणि स्वतः तिथे बसा. घारी-कावळ्यांचं भय आहे, मांजराचं आहे, आणि मे महिन्यात आपल्याकडे टबातलं चार बोटं पाणी बघता बघता चटका देण्याइतकं तापतं. काचेची टाकी मात्र उन्हात कधीच ठेवू नका. किरण अडतात आणि पाणी उकळायला लागतं, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

आता कासव कुठलं, ते दोन शब्दांत. विश्वामित्री नदीतलं, आजवा तलावाच्या बाजूचं, शेततळ्यातलं, पावसाळ्यात रस्त्यावर आलेलं, कुठलंही आपल्या मातीतलं कासव घरी ठेवायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. पुरानंतर सोसायटीच्या आवारात कासव सापडलं तर वनखात्याला कळवा. दुकानात मिळतं ते स्लायडर मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. देवळाच्या सभामंडपात कासव असतं म्हणून, किंवा कोणी वास्तूसाठी उत्तरेला ठेवा म्हटलं म्हणून आणणार असाल तर पितळेचं आणा. जिवंत कासव नीट जपलं तर वीस ते चाळीस वर्षं जगतं. मुलगा आज दुसरीत असेल तर तो नोकरीला लागेल तेव्हाही त्याचं पाणी तुम्हीच बदलत असाल. कासवी नुसत्या नजरेने पिल्लं वाढवते हे संतांच्या ओव्यांत फार सुंदर वाटतं. आपल्याकडे वाढतं ते ट्यूबखाली.

एकच आणा. जोडीदार नसला तर कासव झुरतं, असं मलाही सांगितलं होतं. झुरत नाही. दोन असली की मोठं लहानाची शेपटी आणि पाय चावतं, ऊन खायची जागा अडवून बसतं, आणि खालच्याला ट्यूबचा उजेड मिळतच नाही. दोन आणायचीच असतील तर चढायच्या जागा दोन, आणि ट्यूब दोन्ही जागांवर पुरेल इतकी लांब.

टाकी मोठी घ्या. नाण्याएवढ्या पिल्लाची मादी निघाली तर कवच २५ ते ३० सेंटिमीटर होतं. नर थोडा लहान राहतो, त्याची पुढच्या पायांची नखं लांब असतात. हिशोब सोपा आहे: कवचाच्या दर इंचाला साधारण ४० लिटर पाणी. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे काठोकाठ अडीचशे लिटर, आणि पहिली काही वर्षं ती पुरते. आधी छोटी घेऊ, मग बदलू, असं करू नका. छोट्या पेटीत पाणी चोवीस तासांत घाण होतं आणि पैसे दोनदा जातात. वजन विसरू नका: पाणी, काच, दगड मिळून तीनशे किलोच्या आसपास. आमच्यासारख्या लाकडी पाटणीच्या जुन्या घरात माडीवर मुळीच नको. तळमजल्यावर, भिंतीलगत, वीट रचून वर कोटा किंवा कडप्पा, आणि काचेखाली थर्मोकोलची शीट. थर्मोकोल घालायचं राहिलं तर बारीक खड्यावरसुद्धा तळ तडकतो.

तळाला रंगीत बारीक खडी अजिबात नको. कासव ती गिळतं, आणि ती आतड्यात अडकते. तळ उघडा ठेवा किंवा त्याच्या डोक्याहून मोठे नदीतले गोटे टाका. पिल्लासाठी पाणी सुरुवातीला उथळ, पण कवचाच्या रुंदीपेक्षा खोल हवं. उलटं पडलं तर त्याला सरळ होता आलं पाहिजे.

चढायची जागा. ती पूर्ण कोरडी राहिली पाहिजे, चढाला खरखरीत उतार हवा, आणि सगळं अंग त्यावर मावलं पाहिजे. कवच रोज वाळलं नाही तर बुरशी धरते. या जागेवर ऊब देणारा साधा बल्ब टांगा आणि थर्मामीटर तिथेच ठेवून बघा, ३२ ते ३५ अंश यायला हवेत. बल्ब ऊब देतो, ट्यूब यूव्हीबी देते. ही दोन वेगळी कामं आहेत, एकाने दुसऱ्याचं भागत नाही. मे महिन्यात खोलीच तापलेली असते, तेव्हा बल्ब खुशाल बंद ठेवा. ट्यूब बंद ठेवू नका. घरातलं कोणीतरी ‘एवढ्या उकाड्यात दिवा कशाला’ म्हणून बटण बंद करतंच. आमच्याकडे सासूबाई करायच्या. शेवटी बटणावर चिकटपट्टी लावून ‘औषध आहे’ असं लिहिलं, तेव्हा थांबलं.

फिल्टर टाकीच्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा. कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर, परवडला तर तोच. आणि कासव यायच्या आधी चार ते सहा आठवडे तो चालू ठेवा. रिकाम्या टाकीत नुसतं पाणी फिरवून भागत नाही. रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका, ते कुजून अमोनिया होतो. स्पंजमध्ये हळूहळू असे जिवाणू वसतात जे अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. ते वसले नसतील तर पाणी काचेसारखं स्वच्छ दिसेल आणि कासवाचे डोळे सुजतील. पाणी तपासायच्या किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले की मग दुकानात जा. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. पालिकेचं पाणी टाकीत घालण्याआधी बादल्यांत एक दिवस उघडं ठेवा. दर आठवड्याला चौथा हिस्सा बदला, घाण दिसली तर अर्धं. पाइप तोंडाने ओढायचा नाही. का, ते खाली येतंच.

हीटर लागतो. आपल्याकडे थंडी नाही असं म्हणणाऱ्यांनी जानेवारीत पहाटे पाण्यात हात घालून बघावा. पारा दहा-बारावर जातो, आणि कासवाला पाणी २४ ते २७ अंश हवं. हीटरला प्लास्टिकची जाळी असलीच पाहिजे, नाहीतर कासव काच फोडतं. पाणी बदलण्याआधी प्लग काढा. सगळ्या वायरी सॉकेटपेक्षा खाली लोंबू देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये उतरत नाही. त्या लाइनवर ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज आपोआप तोडणारं बटण, बसवून घ्या.

खाणं. सुकलेल्या कोळंबीचं पाकीट देतात ते खाऊ आहे, जेवण नाही. कासवाचे पेलेट्स, त्याच्या डोक्यात मावतील इतकेच. पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड. सोबत लेट्यूस, किसलेलं गाजर, पाण्यावर तरंगणारा बारीक अझोला. पालक फार नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. पोळी, भात, दूध, पाव काहीही नको. गांधी असतो ना जडीबुटी विकणारा, त्याच्याकडे समुद्रफेन मिळतं; कडक पापुद्रा काढून तुकडा पाण्यात टाकला की कासव कुरतडत बसतं. पण हे सगळं कॅल्शियम ट्यूब नसेल तर वाया. आमचं धाकटं पेलेट्स खात होतं, समुद्रफेनही खात होतं.

हात साबणाने धुवायचे, प्रत्येक वेळी. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जिवाणू असतो. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे ती मुलं आजारी पडत होती म्हणूनच. टाकीचं सामान स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर थांबा.

डॉक्टर आधीच शोधून ठेवा, सगळे गायी-कुत्र्यांचे असतात. टाकीला वरून जाळी. गावाला जाताना कोण बघणार ते ठरवा. आणि नको झालं म्हणून सुरसागर तलावात किंवा विश्वामित्रीत सोडायचं नाही, कधीही नाही. हे कासव जगभर पसरून तिथल्या कासवांच्या जागा बळकावतं.

उरलं एक. ट्यूब वर्षाने बदला, ती पेटत असली तरी. उजेड तसाच दिसतो, यूव्हीबी मात्र कमी होत होत संपतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. आम्ही दसऱ्याला बदलतो, हत्यारं-यंत्रं पुजतो त्याच दिवशी, आणि ट्यूबच्या टोकाला मार्करने तारीख घालतो. तुम्हीही पहिल्या दिवशीच घाला.