नोकरी सोडून एसी-कूलर दुरुस्तीत उतरताय? आधी हे बघा

नागपुरात आमचं काम मार्च ते जून धो-धो चालतं. पारा ४५ कडे सरकला की गिऱ्हाईक भावात घासाघीस करत नाही, ‘आज येता का भाऊ’ एवढंच विचारतं. मेहनतीचा पैसा पूर्ण आपला, हा सगळ्यात मोठा फायदा. पण पाऊस लागला की फोन थंडावतो, घरभाडं काही थांबत नाही. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च गाठीशी असल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

बुटीबोरी-हिंगण्याच्या कंपनीत पीएफमध्ये मालकाचा वाटा पडतो, ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, कार्ड चालतं. ते सुटतं. निघायच्या आधीच आरोग्य विमा काढा.

उद्यम नोंदणी, म्हणजे आपला धंदा छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंदवणं, पहिल्या कामाआधी करा. आधारवर ऑनलाइन होते, फुकट आहे. एजंटला पैसे देऊ नका. बिल अडकलं की तीच कामी येते. एका हॉटेलनं माझं कॉम्प्रेसर बदलल्याचं बिल उन्हाळ्यातून दिवाळीपर्यंत लटकवलं होतं. २००६ च्या एमएसएमई (छोट्या उद्योगांच्या) कायद्यानुसार अशा धंदेवाईक गिऱ्हाइकानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. मी आता बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदत दोन्ही छापतो, अन् सुट्या भागांचे पैसे आधीच घेतो.

आयकर रिटर्न दरवर्षी भरा. घरकर्जाला गेलात की बँक पहिले तेच मागते.