मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तयारी: पिशवीत थोडी, डोक्यात जास्त

मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आलेल्या माणसाला ‘कसं झालं?’ विचारलं, तर ऑपरेशनबद्दल तो दोन वाक्यांत सांगून मोकळा होतो. दुखलं नाही, लगेच बाहेर आलो. मग खरी तक्रार सुरू होते आणि ती बहुतेक वेळा एकाच जातीची असते: हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. टेबलावर जागं ठेवतात हे माहीत नव्हतं, वाचायला चष्मा लागणारच हे माहीत नव्हतं, दुसऱ्या दिवशी सगळं निळसर दिसेल हे माहीत नव्हतं. सांगितलेलं असतंही पुष्कळदा. पण बाहुली मोठी करणारे थेंब टाकलेले, समोरचं धूसर, हातात सह्या करायचे कागद, अशा वेळी ऐकलेलं डोक्यात राहील कसं? म्हणून तयारी घरी बसून करायची, आणि पिशवी सगळ्यात शेवटी भरायची.

सुरुवात औषधांच्या यादीपासून. डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्याचा लघवीच्या गोळीशी काय संबंध, असं वाटून माणसं ती गोळी सांगतच नाहीत. संबंध आहे. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या टॅमसुलोसिनमुळे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो, ऑपरेशनच्या मध्येच फडफडतो आणि मोठी केलेली बाहुली पुन्हा आकसते. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००५ साली हा प्रकार पहिल्यांदा नोंदवला. डॉक्टरांना आधी कळलं तर ते त्याची सोय करून ठेवतात, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. मात्र गोळी पूर्वी कधीतरी घेतली होती आणि आता बंद आहे, तरीही सांगायचं, कारण परिणाम मागे उरतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं उलट होतं: लोक त्या आपल्याच मनानं बंद करून येतात. मोतीबिंदूसाठी त्या बहुतेक वेळा बंद कराव्या लागत नाहीत, आणि बंद केल्याचा धोका हृदयाला आणि मेंदूला असतो. निर्णय ज्यांनी गोळी दिली ते आणि डोळ्यांचे डॉक्टर मिळून घेतील. मधुमेह असेल तर अलीकडचे साखरेचे रिपोर्ट जोडा. पडदा, म्हणजे डोळ्याच्या मागचं दृष्टिपटल, कधी तपासलं होतं तेही लिहा.

याच कागदाच्या मागच्या बाजूला डोळ्याचा इतिहास. लहानपणी लागलेला मार, काचबिंदूचे थेंब, तिरळेपणाचं ऑपरेशन, आणि विशेषतः पूर्वी लेझरनं चष्म्याचा नंबर घालवला असेल तर ते. इतक्या वर्षांत ते लेझर विसरलेली माणसं असतात. पण त्या लेझरनं डोळ्याच्या पुढच्या भागाचा आकार बदललेला असतो, आणि मोतीबिंदू काढून त्या जागी बसवायच्या कृत्रिम लेन्सचा हिशेब त्याच आकारावर चालतो. जुने कागद सापडले तर सोन्याहून पिवळं.

आणखी काही गोष्टी सांगायला संकोच वाटतो, नेमक्या त्याच सांगायच्या. सपाट झोपलं की दम लागतो. खोकल्याची उबळ येते. मान थरथरते. तोंडावर कापड आलं की जीव घाबरतो. एका कानानं ऐकू येत नाही. टेबलावर साधारण पंधरा ते तीस मिनिटं उताणं, न हलता पडायचं असतं, त्यामुळे या बाबी औषधांइतक्याच महत्त्वाच्या. घरी एकदा बिनउशीचं उताणं पडून बघा, अर्धा तास जमतंय का. नाही जमलं तर आधीच कळवा. उशीची, भुलीची वेगळी व्यवस्था करता येते, पण ती ऐन वेळी टेबलावर नव्हे.

या लेन्ससाठी डोळ्याचं माप घेतात, त्या दिवसाला लोक किरकोळ तपासणी समजतात. माझ्या मते ऑपरेशननंतरचं निम्मं समाधान त्या दिवशीच ठरतं. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो, आणि ही लांबी मोजताना १ मिलिमीटरची चूक झाली तर नंबरात अडीच-तीनचा फरक पडू शकतो. म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या आधीपासून काढून ठेवायच्या, मऊ असतील तर साधारण आठवडाभर आणि कडक असतील तर त्याहून बरेच जास्त दिवस. नेमके किती, ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. डोळे कोरडे पडत असतील तर तेही माप बिघडवतं, आधी त्यावर थेंब घ्यावे लागतात. मापाची तारीख पुढे ढकलली म्हणून कुणी वैतागू नये. त्या दिवशी गाडी मात्र स्वतः चालवत जाऊ नका, बाहुली पूर्ववत व्हायला काही तास लागतात.

आता लेन्स. सगळ्यात जास्त गोंधळ आणि सगळ्यात जास्त नाराजी इथली. कॅटलॉग समोर येतो, नावं भारी असतात, आणि महाग ती चांगली असं गृहीत धरून माणूस बोट ठेवतो. त्याऐवजी दोन दिवस स्वतःवर नजर ठेवा: दिवसातला किती वेळ वाचण्यात जातो, किती संगणकापुढे, रात्री गाडी चालवता का, बारीक शिवण किंवा दुरुस्तीचं काम आहे का. साधी, एकाच अंतराची लेन्स दूरचं स्वच्छ दाखवते आणि वाचायला चष्मा लावायला लावते. मल्टिफोकल लेन्स चष्म्याची गरज पुष्कळ कमी करते, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि मंद उजेडात अक्षरं थोडी फिकी पडतात. बहुतेकांना त्याची सवय होते, काहींना होत नाही. रात्री गाडी चालवणं हेच ज्याचं पोट आहे त्यानं हे दोनदा विचारावं. पडद्याचा आजार किंवा वाढलेला काचबिंदू असेल तर ती लेन्स सहसा सुचवत नाहीत. चष्म्यात आडवा (सिलिंडर) नंबर असणाऱ्यांसाठी तो भरून काढणारी टॉरिक लेन्स असते.

एक मुद्दा जवळचा चष्मा असणाऱ्यांपेक्षा लांबचा चष्मा असणाऱ्यांनी, म्हणजे उणे नंबरवाल्यांनी, नीट समजून घ्यावा. आयुष्यभर तुम्ही चष्मा कपाळावर चढवून पुस्तक वाचत आलात. डोळ्यात दूरसाठीची लेन्स बसली की ते सुख गेलं. दूरचं लख्ख, पण हातातलं पुस्तक धूसर. ऑपरेशन उत्तम झालेलं असतं आणि माणूस हिरमुसलेला असतो, अशी उदाहरणं मी फार ऐकली आहेत. मागितलं तर लेन्सचा नंबर जवळचं दिसेल असाही निवडता येतो, मग लांबसाठी चष्मा. तेव्हा ‘चष्मा लागेल का?’ हा प्रश्न सोडून ‘कोणत्या कामाला चष्मा लागेल?’ असा प्रश्न विचारा. त्याला जोडूनच दुसरा: ‘पडदा कसा आहे, माझी नजर किती सुधारू शकते?’ पडदा किंवा नस आधीच कमजोर असेल तर चांगली लेन्स तिथलं नुकसान भरून काढू शकत नाही. लेझर मशीननं ऑपरेशन करण्याचा पर्याय दिला, तर त्यानं माझ्या डोळ्यात नेमका काय फायदा, हेही विचारायला हरकत नाही. ब्रिटन आणि फ्रान्समधल्या मोठ्या चाचण्यांत नेहमीच्या फेकोपेक्षा, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याच्या पद्धतीपेक्षा, त्याचे निकाल सरस ठरले नाहीत.

मोतीबिंदू पिकण्याची वाट बघावी का, असं अजून विचारतात. नको. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो आणि फोडायला जास्त ताकद लागते. रोजच्या कामात अडथळा यायला लागला की वेळ झाली.

घरची तयारी थोडकी आहे, पण थेंबांचा सराव कराच. ऑपरेशननंतर काही आठवडे दिवसातून अनेकदा थेंब टाकायचे असतात, आणि साठी उलटलेल्या माणसाला स्वतःच्या डोळ्यात थेंब टाकता येईलच असं नाही. डॉक्टरांना विचारून साध्या ओलाव्याच्या थेंबांवर हात बसवून घ्या: खालची पापणी ओढायची, वर बघायचं, बाटलीचं टोक कुठेही टेकू द्यायचं नाही. बाटल्या सारख्याच दिसतात, म्हणून मोठ्या अक्षरात नाव आणि वेळ लिहून चिकटवा. दोन वेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटांचं अंतर ठेवा. ज्या बाटलीवर हलवून वापरा असं लिहिलंय ती खरंच हलवा.

आदल्या रात्री डोक्यावरून आंघोळ करून घ्या, कारण पुढचे काही दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. त्या दिवशी डोळ्याभोवती क्रीम नाही, मेकअप नाही. पुढून बटणं असलेला शर्ट घाला, गळ्यातून काढायचा नको. उपाशी यायचं की खाऊन, सकाळच्या गोळ्या घ्यायच्या की नाही, हे क्लिनिकनुसार आणि भुलीनुसार बदलतं. लेखी मागून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्शुलिनचं तर नक्कीच. पिशवीत कागद, औषधं, गॉगल, एवढंच. सोबतीला एक माणूस, आणि तो घाईत नसलेला हवा. बाहुली मोठी करायला थेंब पुन्हा पुन्हा टाकतात, त्यामुळे वाट बघण्यात ऑपरेशनपेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. कोणता डोळा, नाव काय, हे चार जण चार वेळा विचारतील. चिडू नका, प्रत्येक वेळी उत्तर द्या. चुकीच्या डोळ्यावर ऑपरेशन होऊ नये म्हणूनच ते असतं. कपाळावरची खूण योग्य बाजूला आहे ना, तेही बघून घ्या.

टेबलावर काय होतं? बहुधा फक्त थेंबांनी किंवा डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन डोळा बधिर करतात, तुम्ही जागे असता. डोळ्यात तपकिरी आयोडीनचं द्रावण टाकतात. ते काहींना झोंबतं, पण जंतुसंसर्ग टाळण्याची ती सगळ्यात भरवशाची पायरी आहे. तोंडावर कापड येतं, त्याखाली श्वासाला हवा सोडलेली असते. पापण्या क्लिपनं उघड्या धरलेल्या असतात, त्यामुळे ‘मी मध्येच डोळा मिटला तर?’ ही भीती सोडून द्या. मग वरचा दिवा. सुरुवातीला तो सहन होत नाही, थोड्या वेळात होतो. सुऱ्या-कात्र्या दिसत असतील अशी सगळ्यांची धास्ती असते. प्रत्यक्षात बहुतेकांना हलणारे रंग दिसतात: गुलाबी, निळे, पिवळे गोळे, पाण्याखालून वर बघावं तसे. काहींना ते चक्क आवडतं. ज्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं ते घाबरतात. मशीनचे सूर बदलत राहतात, डॉक्टर आकडे बोलतात, गालावरून पाणी ओघळतं, डोळ्यावर दाब जाणवतो. हे सगळं नेहमीचं. छेद २ ते ३ मिलिमीटरचा असतो, टाका बहुधा लागत नाही. खोकला येतोय, पाय आखडलाय, दुखतंय, तर मान न हलवता तोंडानं सांगा, डॉक्टर थांबतात. मान डोलावून ‘हो’ म्हणण्याची सवय असणाऱ्यांनी त्या दिवसापुरती ती घरी ठेवावी.

घरी आल्यावर डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं. चोळायचं नाही, झोपताना प्लास्टिकचं कवच लावायचं. दुसऱ्या दिवशी जे दिसतं त्याची मजा काही औरच. पांढरं खरंच पांढरं असतं, निळ्याला धार येते, कारण पिवळट पडलेली डोळ्याची मूळ लेन्स निघालेली असते. दुसरा डोळा अजून जुना असेल तर आळीपाळीनं मिटून बघा, फरक थक्क करतो. आरशातल्या सुरकुत्या आणि कोपऱ्यातली धूळ हेही त्याबरोबर येतं. काहींना कडेला चंद्रकोरीसारखी सावली किंवा चकाकी दिसते, ती बहुतेकांची हळूहळू जाते. पहिल्याच दिवशी सगळं स्वच्छ दिसेलच असं नाही, सूज उतरायला कुणाला काही दिवस लागतात, म्हणून शेजारच्या खुर्चीवरच्या पेशंटशी तुलना नको. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक पडला असेल तर दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत डोकं गरगरतं, जिन्यावर पाय चुकतो. तेवढ्या दिवसांची सोय डॉक्टरांना विचारा. नवा चष्मा साधारण चार ते सहा आठवड्यांनी, त्याआधी करून घेतला तर नंबर बदलू शकतो.

क्लिनिकचा रात्री-अपरात्री लागणारा फोन नंबर मात्र ऑपरेशनच्या आधीच भिंतीवर लावून ठेवा. दुखणं कमी होण्याऐवजी वाढतंय, लाली वाढतेय, सुधारलेली नजर परत खाली जातेय, विजेसारख्या चमका दिसतायत, ठिपक्यांचा पाऊस किंवा एका बाजूनं पडदा आल्यासारखं दिसतंय, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. आतला जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासांचा हिशेब असतो.

घरी देताना लेन्सचं कार्ड मिळतं, त्यावर कंपनी, मॉडेल, नंबर असतो. फाइलमध्ये ठेवून फोटोही काढा, पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरांना लागू शकतो. ही लेन्स कुजते का, बदलावी लागते का, असं लोक हळूच विचारतात. सहसा नाही, आयुष्यभर राहते. हॅरल्ड रिडली या इंग्लिश डॉक्टरांनी पाहिलं होतं की दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या छताचे ॲक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत जाऊनही डोळा ते निमूट सहन करतो. त्यावरूनच त्यांनी १९४९ साली लंडनमध्ये पहिली लेन्स बसवली.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नजर पुन्हा धुरकट झाली, तर मोतीबिंदू परत आला असं समजू नका, तो परत येत नाही. लेन्सच्या मागची पातळ पिशवी काहींमध्ये गढूळ होते. याग लेझरनं काही मिनिटांत तिला वाट करून देतात, त्याला ऑपरेशन थिएटर लागत नाही. त्यानंतर थोडे दिवस ठिपके तरंगताना दिसतात. ते वाढत गेले किंवा चमका आल्या, तर त्याच दिवशी पुन्हा दाखवायचं.