डावपेचांचं पहिलं पुस्तक: आधी वहीत उत्तर, मग मागचं पान

नाशिकमध्ये बुद्धिबळ शिकायला निघालेल्या माणसाला विदित गुजराथी कोण, हे सांगावं लागत नाही: तो नाशिकचाच ग्रँडमास्टर. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत, २०२४ साली टोरांटोला, त्याने काळ्या बाजूने खेळत, उंटाचा बळी देत अमेरिकेच्या हिकारू नाकामुराला हरवलं. त्यानंतर आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत बऱ्याच घरांतले पट माळ्यावरून खाली आले. बहुतेक जण थेट ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींच्या, व्हिडिओंना लागले. माझं मत याउलट आहे आणि ते ठाम आहे. नवख्याने आधी डावपेचांचं, म्हणजे दोन-तीन चालींत मोहरं जिंकण्याच्या किंवा मात करण्याच्या युक्त्यांचं, एक पातळसं पुस्तक घ्यावं आणि ते शेवटच्या पानापर्यंत सोडवावं. आपल्या पातळीवरचे डाव ओपनिंगमुळे जात नाहीत. कुणीतरी मोहरं फुकट सोडतं आणि समोरच्याला ते दिसतं किंवा दिसत नाही, एवढ्यावर निकाल लागतो.

मी हे तिशी उलटल्यावर, नोकरी आणि घर सांभाळून शिकले. त्यामुळे रोज अर्धा तास मिळणाऱ्यांनाही जमेल असंच सांगते.

पुस्तक निवडताना तीन गोष्टी बघा: पानावर चार-सहा आकृत्या, विषयवार प्रकरणं आणि उत्तरं अगदी शेवटी. आकृतीखालीच उत्तर छापलेलं पुस्तक घेऊ नका, डोळा तिकडे जातोच. इंग्रजी कच्चं असलं तरी अडत नाही, चालींची लिपी तेवढी आली पाहिजे: उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या त्याच्या बाजूने १ ते ८, म्हणून सी७ म्हणजे सी पट्टीतलं सातवं घर. विकत घेण्याआधी चाळून बघायचं असेल तर सावानात, म्हणजे १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात, चौकशी करा.

आता पद्धत. आकृती पुस्तकात बघून सोडवू नका, ती खऱ्या पटावर मांडा. मांडताना एकेक मोहरं हातातून जातं आणि कोण कुणाला राखतंय, कोण एकटं पडलंय हे तिथेच कळायला लागतं. एकदा मांडलं की हात मागे घ्या. स्पर्धेत ज्या मोहऱ्याला हात लावला तेच हलवावं लागतं, म्हणून सवय आजपासूनच हवी. मनात चाल खेळा, समोरच्याचं सगळ्यात चिवट उत्तर शोधा, मग आपली पुढची चाल. हे सगळं वहीत लिहा आणि त्यानंतरच मागचं पान उघडा. पहिली चाल बरोबर आणि पुढचं कोरं, असं असेल तर ते कोडं सुटलेलं नाही असं धरा.

दुहेरी हल्ला हे प्रकरण सगळ्यात जास्त वेळ देण्यासारखं आहे. घोडा सी७ वर जाऊन ई८ च्या राजाला शह देतो आणि ए८ चा हत्तीही धरतो, हे चित्र प्रत्येक पुस्तकात असतं. पण दुहेरी हल्ला फक्त घोड्याचा नसतो. लहान मुलं हमखास खेळतात तो प्रकार घ्या: ई४, ई५ (आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; मोहऱ्याचं नाव नसेल तर ती प्याद्याची) आणि लगेच पांढरा वजीर एच५ वर. काळ्याने वजिराला हुसकवायला जी६ केलं की वजीर ई५ चं प्यादं मारतो, राजाला शह बसतो आणि त्याच वेळी एच८ चा हत्ती कर्णावर उघडा पडतो. हत्ती गेला, म्हणजे प्यादं एक गुणाचं धरलं तर पाच गुण गेले. आता काळ्याने आधी घोडा सी६ वर काढला आणि पांढऱ्याने उंट सी४ वर आणून एफ७ वर मात करण्याची धमकी दिली, असं समजा. या स्थितीत तेच जी६ उत्तम आहे, कारण ई५ ला घोड्याची राखण आहे. प्याद्याची चाल तीच, फरक एका राखणीचा. हे दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी मांडून बघा. राखण मोजणं म्हणजे काय, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच दिसतं.

पिन म्हणजे मोहरं हललं तर त्याच्यामागचं जास्त मोलाचं मोहरं हल्ल्यात सापडतं अशी अडकवणूक. हे प्रकरण वाचताना दोन प्रकार वेगळे ठेवा. मागे राजा असेल तर पिन झालेलं मोहरं त्या रेषेतून बाहेर पडूच शकत नाही, तो नियमच आहे. मागे वजीर असेल तर मात्र ते हलू शकतं, फक्त किंमत मोजावी लागते. आणि कधी कधी ती किंमत मोजणंच योग्य असतं. अठराव्या शतकातल्या लेगाल या फ्रेंच खेळाडूच्या नावाने ओळखली जाणारी मात पटावर खेळूनच बघा: ई४ ई५, घोडा एफ३ डी६, उंट सी४ उंट जी४, घोडा सी३ जी६. एफ३ चा घोडा वजिरासमोर अडकल्यासारखा दिसतो, तरी पांढरा त्याच घोड्याने ई५ चं प्यादं मारतो. काळ्याने हावरेपणाने डी१ चा वजीर घेतला की उंट एफ७ मारून शह देतो, राजाला ई७ वर यावं लागतं आणि दुसरा घोडा डी५ वर येऊन मात करतो. राजाची घरं एकेक करून मोजा, प्रत्येक घर का बंद आहे ते लिहा. काळ्याने वजीर न घेता डी६ च्या प्याद्याने घोडा मारला, तर पांढऱ्याचा वजीर जी४ चा उंट घेतो आणि एक प्यादं वर राहतो. वजिराचा बळी बिनधोक ठरतो तो या दुसऱ्या फाट्यामुळे, आणि नवखे नेमका तोच तपासत नाहीत.

शेवटच्या पट्टीवरची मात (स्वतःच्या प्याद्यांमागे कोंडलेल्या राजाला हत्ती किंवा वजिराने दिलेली), स्क्यूअर (पुढचं मोलाचं मोहरं हटलं की मागचं मरतं), उघड हल्ला (एक मोहरं हललं की मागच्याचा हल्ला सुरू होतो) ही प्रकरणं मानाने सोपी जातात. किल्लेकोटानंतर (कॅसलिंगनंतर) राजापुढची तिन्ही प्यादी जागेवर असतील आणि हत्ती दूर गेले असतील, तर एच३ करून राजाला एक खिडकी ठेवा, एवढं ध्यानात असू द्या.

प्रकरणांनुसार सोडवण्यात एक अडचण आहे. वर 'पिन' असं छापलेलं असतं, त्यामुळे अर्धं उत्तर आयतंच मिळतं. डावात असा मथळा नसतो, आणि काही सापडण्यासारखं आहे हेही कुणी सांगत नाही. म्हणून पहिलं वाचन क्रमाने करा आणि दुसऱ्या वेळी पानं कुठूनही उघडा, मथळा कागदाने झाका. नेहमीचे आकार पाढ्यांसारखे तोंडपाठ झाले पाहिजेत, विचार करायची शक्ती त्यापुढच्या गुंत्यासाठी राखायची असते. डाव खेळताना प्रत्येक चालीआधी तीनच प्रश्न विचारा: शह कुठले आहेत, कुठलं मोहरं मारता येतं, धमकी कुठली आहे? आधी समोरच्याच्या बाजूने, मग आपल्या.

पुस्तक संपेपर्यंत मोबाइलवरचे तीन-पाच मिनिटांचे डाव बाजूला ठेवा, किमान पंधरा मिनिटांचे खेळा. शक्यतो समोर माणूस बसवा आणि चाली लिहून ठेवा. डाव झाल्यावर जिथे मोहरं गेलं किंवा मिळालं ती स्थिती वहीत आकृती काढून ठेवा. अशी वही भरत गेली की तेच तुमचं दुसरं पुस्तक. ते बाजारात मिळत नाही आणि पहिल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.