मूल नशेने बेशुद्ध सापडलं तर? शाळेतल्या कर्मचाऱ्यांना असं तयार करा

प्रशिक्षणाला कुणाला बसवायचं, इथेच बऱ्याच शाळा चुकतात. मुख्याध्यापक आणि दोन ज्येष्ठ शिक्षक बसले की झालं. पण बेशुद्ध पोर सापडणार स्वच्छतागृहात, नाहीतर सायकल स्टँडच्या मागे, आणि तेही मावशींना किंवा वॉचमनला. पहिली रांग त्यांची. शेजारी पीटीचे सर आणि व्हॅनवाले काका.

सुरुवातीला दहा मिनिटं पदार्थांवर बोला, जास्त नको. नाशिककरांना नशा म्हटलं की 2023 साली शिंदे गावात सापडलेला एमडीचा (मेफेड्रोनचा) कारखाना आठवतो, मालेगावकडच्यांना कुत्ता गोळी. पण एमडी उत्तेजक, आणि कुत्ता गोळी म्हणजे बहुधा अल्प्राझोलामसारखी गुंगीची गोळी. ओपिऑइड, म्हणजे अफूचे किंवा अफूसारखे पदार्थ, निराळे: गर्द म्हणजेच ब्राउन शुगर, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडोलच्या गोळ्या. हे मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावतात, आणि जीव जातो तो श्वास थांबून. काय घेतलंय हे मावशींनी ओळखायची गरज नाही. त्यांनी श्वास ओळखायचा.

खुणा तोंडपाठ करून घ्या. हाक मारून, खांदे हलवून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळूनही मूल उठत नाही. श्वास संथ, अडखळत, घशात घरघर. ओठ आणि नखं निळसर किंवा राखाडी. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. घरघर ऐकून ‘घोरतंय, झोपू द्या’ म्हणणारा हमखास भेटतो, ते मनातून काढाच.

मग क्रम. ओरडून माणसं बोलवा. एकाने फोन स्पीकरवर ठेवून 108 लावायचा, दुसऱ्याने गेट उघडून रुग्णवाहिकेची वाट बघायची. शाळेचा पत्ता खुणेसह फोनशेजारी लिहून ठेवा. घाईत भल्याभल्यांना चौकाचं नाव आठवत नाही. मूल उताणं, डोकं मागे, हनुवटी वर. दहा सेकंद छातीकडे बघा. श्वास अजिबात नसेल किंवा नुसते आचके येत असतील, तर सीपीआर: छातीवर 30 दाब, मग तोंडाने 2 श्वास. श्वास चालू पण फार मंद असेल, तर नाक दाबून तोंडाने श्वास द्या. मोठ्या मुलाला दर पाच-सहा सेकंदांनी एक, लहानाला दर दोन-तीन सेकंदांनी. छाती वर आली तरच श्वास पोचला. नीट श्वास घेत असेल तर डाव्या कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवणं, लिंबूपाणी पाजणं, डोक्यावर बादली ओतणं, हे सगळं बंद.

वर्गात खुर्च्या लावून हे कळत नाही. सिडकोतल्या एका शाळेत सराव स्वच्छतागृहातच घेतला. पुतळा आत आडवा टाकला आणि दार आतल्या बाजूला उघडणारं निघालं! पुतळ्याचे पाय दाराला अडले. शेवटी मावशींनीच फटीतून हात घालून ते सरकवले. आता तिथली दारं बाहेर उघडतात, कडी बाहेरून नाण्याने फिरते. असं काही कागदावर सुचत नाही. श्वास देण्याचा सराव मात्र पुतळ्यावरच, आणि डॉक्टर किंवा प्रमाणित प्रशिक्षक समोर असताना.

नॅलोक्सोनचं विचारतीलच. ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं हे औषध अमेरिकेत मार्च 2023 मध्ये नाकातल्या फवाऱ्याच्या रूपात चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली, तिथल्या कित्येक शाळांच्या कपाटात ते असतं. आपल्याकडे ते मुख्यतः इंजेक्शन, तेही डॉक्टरांच्या हाती. तेव्हा शाळेने त्याच्या मागे लागून श्वासाचा सराव पुढे ढकलू नये. गुंगीच्या गोळीवर किंवा एमडीवर ते चालतही नाही. श्वास देणं सगळ्यांना चालतं.

रुग्णवाहिका आली की आसपास सापडलेली बाटली, गोळ्यांची पट्टी तिच्यासोबत द्या. चौकशी, पालक, पोलीस हे नंतर. कुणी ओरडेल या भीतीने मित्र गप्प बसले तर पोराचीच मिनिटं जातात. आणि नॅलोक्सोन मिळून मूल उठून बसलं, ‘मी ठीक आहे सर’ म्हणालं, तरी घरी पाठवू नका. औषधाचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो, गर्दचा मागे राहू शकतो, श्वास पुन्हा मंदावतो. सिव्हिलला न्यायचंच, आणि सोबत शाळेचं एक माणूस.