मोठ्या जातीचं पिल्लू घेताय? खुब्याच्या बाबतीत या चुका टाळा

लॅब, जर्मन शेफर्ड, गोल्डन, रॉटवायलर यातलं काहीही घेणार असाल तर आधी हे वाचा. या जातींत हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा वाटीत नीट न बसण्याचा आनुवंशिक दोष, बराच दिसतो. दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतोच, ताई पिल्लू मागचे पाय ओढतंय हो, आणि मी विचारते आईबापाच्या खुब्यांचे एक्सरे बघितले होते का, तर उत्तर ठरलेलं, "केसीआयचे पेपर्स आहेत ना!"

अहो, केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, त्यांचे पेपर्स म्हणजे वंशावळ. आईबाप, आजी-आजोबा कोण ते त्यात कळतं, खुबे कसे आहेत ते नाही. मीही याच भरवशावर जुईला आणलं, माझी लॅब. आजोबा चॅम्पियन, मी खूश. सात महिन्यांची झाली तेव्हा जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारख्या उड्या मारायची, आम्हाला गोड वाटायचं, व्हिडिओ काढले. मग झोपेतून उठताना आधी पुढच्या पायांवर उभी राहायची, मागचं अंग फरशीवर तसंच, आणि मग एक जोर लावून उठायची. एक्सरेवर डॉक्टरांनी पेन ठेवून दाखवलं, वाटी उथळ आणि मांडीच्या हाडाचा गोळा अर्धा बाहेर. ब्रीडर म्हणाला कॅल्शियम कमी पडलं असेल.

ही दुसरी चूक. पपी फूड चालू असताना मनाने कॅल्शियमचं सिरप देऊ नका, मोठ्या जातीत जास्तीच्या कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते.

तर मागायचं काय? दोन्ही पालकांच्या खुब्यांचे रिपोर्ट. परदेशी लाइन असेल तर अमेरिकेतल्या ओएफए या खुबे तपासून ग्रेड देणाऱ्या संस्थेचा पक्का दाखला 24 महिन्यांनंतरच मिळतो, ब्रिटनमध्ये दोन्ही खुब्यांचे मिळून 0 ते 106 गुण, जितके कमी तितकं चांगलं, आणि एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या ग्रेडमध्ये ए सगळ्यात चांगली, ई सगळ्यात वाईट. आपल्याकडे रिपोर्ट क्वचितच दाखवतात, मग मी साधे एक्सरे मागते आणि आपल्या डॉक्टरांना दाखवते. "आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही" म्हणाले की मी उठते. आणि एकाच पालकाचा रिपोर्ट बघून थांबू नका, हिप डिस्प्लेसिया हे एका जीनचं काम नाही, चांगल्या खुब्यांच्या जोडीलाही असं पिल्लू होतं, म्हणून आधीच्या वेतातल्या भावंडांची चौकशी करा.

45 दिवसांचं पिल्लू मस्त पळतंय म्हणून निर्धास्त होऊ नका, जन्मताना खुबे ठीकच असतात, सैलपणा नंतर येतो.

'डबल बोन', म्हणजे जाड हाडाचं पिल्लू, असं ऐकून जास्त पैसे देऊ नका.

गुळगुळीत टाइल्सवर रबरी मॅट टाका.

गुबगुबीत पिल्लू म्हणजे निरोगी पिल्लू हेही डोक्यातून काढा. अमेरिकेत 48 लॅब जन्मभर अभ्यासले, त्यातल्या ज्यांना जोडीदारापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं ती जवळपास दोन वर्षं जास्त जगली, सांधेही उशिरा झिजले. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत.

आणि फोटो बघून टोकन पाठवायची घाई तर अजिबात नको. माझ्याबरोबर कुणी पिल्लू बघायला आलं तर पहिल्या फेरीत मी पिल्लू हातात घेऊच देत नाही. आधी आईला बाहेर आणायला सांगते, बसवते, उठवते, आणि मागे उभी राहून तिची चाल बघते.