लहान शाळेत विणकाम शिकवताना: सोलापुरातील शिक्षकांसाठी

शाळेत हस्तव्यवसाय सुरू करायचा म्हटले की व्यवस्थापन आधी यंत्रांची किंमत विचारते. माझ्या मते आधी माणूस शोधावा. सोलापूरच्या पूर्व भागात आयुष्यभर माग चालवून आता घरी बसलेले विणकर आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला आठवड्यातून एक दिवस, सलग दोन तासिकांसाठी, ठरलेले मानधन देऊन बोलवावे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना आणि स्थानिक कारागिरांच्या सहवासात असावेत असे सुचवले आहे, त्यामुळे वेळापत्रकात जागा मागायला आधार मिळतो. अनेक विणकरांची घरची भाषा तेलुगू असल्याने धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारे साधन), कांडी (धोट्यातली सूत गुंडाळलेली नळी), फणी (धागे ठोकून बसवणारा मागाचा कंगवा) यांची नावे फळ्यावर दोन्ही भाषांत लिहावीत.

पहिल्या सत्रात मागाची गरज नाही. आतून 25 बाय 35 सेंटिमीटरची लाकडी चौकट घ्यावी आणि वरच्या व खालच्या पट्टीवर 20 सेंटिमीटर रुंदीत अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतराने 41 खिळे ठोकावेत. ते एका रेषेत ठोकल्यास लाकूड चिरते, म्हणून एक खिळा किंचित वर आणि पुढचा किंचित खाली असावा. दहा नंबरचे सूत चौपदरी करून ताणा, म्हणजे उभे धागे, चढवावा. हा ‘नंबर’ म्हणजे गणिताचा उत्तम पाठ आहे: एका पौंडात 840 यार्डांच्या दहा लडी बसतात, तेव्हा ते दहा नंबरचे सूत, वीस नंबरचे त्याच वजनात दुप्पट लांब आणि अर्थातच अधिक बारीक.

खरी कसोटी पुढे आहे. मूल बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा उत्साहाने ओढून घेते आणि दहा-बारा ओळींत कापड कमरेसारखे आवळत जाते. ‘सैल सोड’ एवढे सांगून भागत नाही. धागा कमानीसारखा वर उचलून टाकायला लावावा आणि मगच जुन्या कंगव्याने खाली ठोकायला सांगावे. त्या कमानीतच कडेला लागणारी जादा लांबी असते. दर दहा ओळींनंतर 20 सेंटिमीटरची पट्टी लावून रुंदी मोजावी आणि ती घटली असेल तर मुलानेच तेवढ्या ओळी उसवाव्यात. शिक्षकाने उसवून देऊ नये, कारण चूक कोठून सुरू झाली हे उसवणाऱ्यालाच कळते.

यंत्रमागाचा कारखाना जरूर दाखवावा, पण दुरूनच: धोटा निसटून उडू शकतो, शिवाय ओढणी किंवा सैल बाही पट्ट्यात अडकण्याचा धोका असतो. मार्चनंतर सोलापूरच्या कोरड्या हवेत सूत वारंवार तुटते. तेव्हा तास सकाळी घ्यावा आणि फरशीवर पाणी शिंपडावे.

तुकडा पूर्ण झाल्यावर ताण्याचे धागे दोन-दोन करून कापत लगेच गाठी माराव्यात आणि तो रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवावा, म्हणजे वीण घट्ट बसते.