मुलांच्या मालिशचं काम शिकणाऱ्यांसाठी

फिजिओथेरपीची इंटर्नशिप संपत आली की मुली हमखास विचारतात, "मॅडम, लहान मुलांच्या मालिशचा वेगळा कोर्स करू का?" जरूर करा. पण दोन-तीन दिवसांच्या वर्कशॉपचं प्रमाणपत्र मिळालं म्हणून कुणाच्या मुलाला हात लावू नका. आधी पदवी, मज्जासंस्थेचा आणि बालरोगांचा नीट अभ्यास, राज्य परिषदेकडे, म्हणजे या व्यवसायाची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी. माझं आजवरचं सगळं काम मुलांसोबतच झालंय, त्यावरून एक सांगते. हाताच्या पद्धती वर्षभरात अंगवळणी पडतात. मुलाचा नकार ओळखायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो आणि खरं शिकायचं ते हेच.

तान्ह्या बाळाला ‘नको’ म्हणता येत नाही असं आपण धरून चालतो. पण ते सांगत असतं. मान फिरवतं, बोटं फाकवतं, पाठीची कमान करतं, उचक्या देऊ लागतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचा तर रंगच बदलतो. अशा वेळी हात झटकन काढून घेऊ नका. आहे तिथेच स्थिर ठेवा, बाळ सावरलं की मग उचला. सुरुवात करतानाही बाळासमोर तळव्यांना तेल चोळून दाखवा, त्याच्याकडे बघा, बोला. काही दिवसांत बाळ त्या खुणेवरून पाय हलवून तयार होतं किंवा तोंड फिरवतं. तोंड फिरवलं तर त्या दिवशी मालिश नाही.

दाबाबद्दल नवशिक्यांचा मोठा गैरसमज असतो. बाळ नाजूक म्हणून ते अगदी हलकं, पिसासारखं बोट फिरवतात. बहुतेक बाळांना त्याने गुदगुल्या होतात आणि ती वैतागतात. अमेरिकेत मायामीला संशोधक टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कमी दिवसांच्या, पण प्रकृती स्थिर झालेल्या बाळांना दिवसातून तीनदा, दर वेळी १५ मिनिटं, असं १० दिवस मालिश दिलं. मालिश न मिळालेल्या बाळांच्या तुलनेत त्यांची रोजची वजनवाढ ४७ टक्के जास्त होती आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. पुढच्या कामातून दिसलं की हा फायदा मध्यम दाबाने होतो, नुसत्या हलक्या स्पर्शाने नाही. मात्र अभ्यास लहान होता, फक्त ४० बाळांचा. पालकांना आकडे सांगाल तेव्हा हेही सांगा. आणि नवजात अतिदक्षता विभागात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, कारण फार लवकर जन्मलेल्या काही बाळांची हाडं ठिसूळ असतात.

आपल्याकडे घरोघरी बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायला मावशी येतात. शिकलेल्या मुलींनी त्यांना नावं ठेवू नयेत. पायावर बाळ कसं धरायचं, ओलं बाळ हातातून कसं निसटू द्यायचं नाही, हे त्यांच्याकडे बसून बघा. पण तीन गोष्टींना ठाम नाही म्हणा: नाका-कानात तेल सोडणं, नवजात बाळाची छाती पिळणं आणि नाक किंवा डोकं दाबून ‘आकार देणं’. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. छाती पिळल्याने गळू होऊ शकतात. "मावशी, तुमचा हात छान आहे, एवढं मात्र नको," असं सांगितलं तर बहुतेक जणी ऐकतात. आजीलाही सोबत बसवून सांगा, कारण घरात शब्द तिचा चालतो.

सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडलेल्या, मुलांचे पालक फार आशेने येतात. मालिशने हा आजार बरा होत नाही, हे पहिल्याच भेटीत सांगा, कितीही जड गेलं तरी. ताठर स्नायू मालिशनंतर थोडा वेळ सैलावतो, बस. तो वेळ वाया घालवू नका. लगेच स्ट्रेचिंग, स्प्लिंट (हात-पाय नीट स्थितीत धरणारा आधार), उभं करणं, खेळणं. या मुलांना बद्धकोष्ठता फार छळते. तिथे पोटाचं मालिश आईला शिकवाच: मुलाच्या उजव्या कुशीतून वर, बरगड्यांखालून आडवं, डाव्या बाजूने खाली. जेवणानंतर लगेच नको. आईचा हात तयार करणं हेच तुमचं काम आहे. तुम्ही आठवड्यातून दोनदा भेटता, ती रोज असते. संधिवात असलेल्या मुलांवर १९९७ मध्ये झालेल्या अभ्यासातही मालिश आईवडिलांनीच दिलं होतं, रोज १५ मिनिटं, महिनाभर, आणि मुलांचं दुखणं कमी झालं होतं.

किशोरवयीन मुलांकडे वळते, कारण तिथे नवखे सगळ्यात जास्त गोंधळतात. तेरा-चौदा वर्षांची मुलगी आईसोबत येते, आई म्हणते, "करा हो, तिला काय विचारायचं!" विचारायचंच. तिलाच, थेट. कुठे हात लावणार, कशासाठी, किती वेळ, कपडे किती बाजूला सारावे लागतील, हे तिला आधी सांगा. कपड्यांवरूनही बरंच काम होतं. पालकांची संमती कायद्याला हवी (ती लेखी घ्या), मुलीचा होकार तुम्हाला हवा. एक असून दुसरा नसेल तर थांबा. दार बंद करून एकटं काम करू नका, तिच्या पसंतीचं माणूस खोलीत असू द्या. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. अठराच्या खालचं प्रत्येक मूल त्यात येतं. तो शेवटपर्यंत वाचून काढा, कारण मालिशच्या टेबलावर कधीकधी मूल कुठेच न सांगितलेली गोष्ट सांगतं. अशी माहिती कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका.

आणि याच वयात काही दुखणी मालिशची नसतात. वेगवान गोलंदाजी करणारा मुलगा, कंबर एका बाजूला दुखते, मागे वाकल्यावर वाढते: मणक्यात स्ट्रेस फ्रॅक्चर (पुन्हापुन्हा ताण पडून हाडाला गेलेली बारीक चीर) असू शकतं, आधी तपासणी. गुडघ्याजवळ सूज, रात्री झोपेतून उठवणारी कळ, आठवडे उलटले तरी थांबत नाही: तिथे चोळायचंच नाही, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. हाडाचा कॅन्सर वाढीच्या वयात गुडघ्याभोवतीच जास्त आढळतो, आणि ‘लचक भरली’ म्हणून तेल लावण्यात मोलाचे महिने जातात. ताप, त्वचेचा संसर्ग, प्लेटलेट कमी असणं, हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार), ताजं फ्रॅक्चर, या वेळीही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काही नाही.

नोकरीचं म्हणाल, तर फक्त मालिशवर पोट भरण्याचा विचार करू नका. बालफिजिओथेरपीचा तो एक भाग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं (वाढीत अडचण असलेल्या मुलांवर लवकर उपचार करणारी) आहेत, तिथे फिजिओथेरपिस्टची पदं असतात, बहुतेक कंत्राटी. पगार फार नाही, पण इतक्या प्रकारची मुलं दुसरीकडे बघायला मिळणं कठीण. विशेष शाळाही आहेत. खाजगी सेंटरला मुलाखतीला गेलात तर तुम्हीही एक प्रश्न विचारा: उपचार चालू असताना आईवडिलांना खोलीत बसू देता का? उत्तर नाही असेल, तर पगार कितीही असो, ती जागा घेऊ नका.